आतली बाजू

विब्केनं टेबलावर बारा कागद मांडले.
पहिल्यावर शहामृगाची पिसं,
दुसऱ्यावर उंच टोपी, पुरुषी कोट,
तिसऱ्याचं घोडं अडलेलं.

क्रॉइत्सबर्गच्या जुन्या बाजारात
शिंपिणीची वही मिळाली, एकोणीसशे तेवीसची:
ऑटिली, नाच चौथा, कंबर चौसष्ट.
पुढल्या महिन्यात एकसष्ट.
नाताळात अठ्ठावन्न.
समासात: टिकल्या उसन्या,
अस्तर पडद्याचं,
पैसे शनिवारी, सकाळीच, भाव चढायच्या आत.

विब्के सोनेरी रंग कालवते, थांबते,
ब्रश धुऊन टाकते.
पिसं राहू देत.
आधी झगा उलटा करून काढायचा:
चिमट्यावर चिमटा,
काखेत घामाचा नकाशा,
आणि ती एक सेफ्टी पिन,
जिला माहीत होतं
कुठल्या उडीला श्वास घ्यायचा नाही.