मानपत्राचा कच्चा खर्डा

समितीचा निरोप: एका पानात बसवा.
आधी संशोधन, मग पुरस्कार,
मग 'तरुण शास्त्रज्ञांना प्रोत्साहन',
खाली सह्यांसाठी चार बोटं जागा.

लिहिलं : डॉ. कुमुदिनी पाठारे.
अतिशीत तापमानातील धातूंचे गुणधर्म.
शोधनिबंध एकशे बारा.
आणि पेन अडलं.

कलिन्याचं ते तळघर. भिंतीला पोपडे,
आणि भिंतीपासून हातभर अंतरावर
केवल शून्याच्या चार अंश वर
थिजलेलं, नखाएवढं जग.
डोक्यावरून विमान उतरलं
की आलेखाला काटे फुटायचे,
म्हणून मोजणी रात्री दोननंतर.
मागच्या सत्काराची शाल
चार घड्या घालून त्यांनी पंपाखाली सरकवली.
कंपन उतरलं. नोंदवहीत त्यांच्या अक्षरात :
'शाल – उपयुक्त.'

मी सातपाटीचा, पापलेटांच्या बर्फात वाढलेला.
मुलाखतीत म्हणालो,
बर्फावर मीठ टाकलं की तो आणखी गार होतो,
का ते माहीत नाही.
बाकीचे हसले.
त्या म्हणाल्या, तांडेल, सोमवारपासून ये.

पाच महिने विद्यावेतन आलं नव्हतं.
मेस बंद झाली तेव्हा, कितीतरी वर्षांनी,
शेट्टींच्या उधारीच्या वहीत
आमच्या तिघांच्या नावांपुढे दिसलं :
'पाठारे. चुकते.'
एवढंच. त्या कधी बोलल्या नाहीत.

बोलायच्या त्या वेगळ्याच गोष्टींवर.
'साधारणतः' लिहिलं म्हणून
दोन दिवस माझ्याशी अबोला.
साधारणतः म्हणजे किती?
आकडा नसेल तर गप्प बस,
पण पाणी घालू नकोस.

आणि चौऱ्याण्णव साल.
ज्या निबंधावर परदेशातून पत्रांचा ढीग आला,
तो पाहून दुसऱ्या वर्षाची निलोफर मुकादम म्हणाली,
मॅडम, हे वळण धातूचं नाही,
आपल्या तापमापीच्या तारेचं आहे.
खोलीत फक्त पंप बोलत होता.
तीन रात्री दोघींनी पुन्हा मोजलं.
चौथ्या सकाळी मॅडमनी स्वतः टंकलं :
निबंध मागे घेत आहे.
चूक माझी. ती दिसली कु. मुकादम यांना.
त्या वर्षीचं पदक दुसऱ्याच कुणाला गेलं.
संध्याकाळी त्यांनी सगळ्यांना कँटीनमध्ये
बटाटेवडे खिलवले,
निलोफरला दोन.

समिती म्हणते, हे नको. समारंभात शोभत नाही.
त्याऐवजी घाला :
'असंख्य विद्यार्थी घडवले.'

असंख्य.
लाल शाईचा तो गोल
मला आत्ताच दिसतोय.

म्हणून बसलो मोजायला, जुन्या नोंदवह्या उघडून.
अर्ध्यावर सोडून गेलेले धरले.
भांडून गेलेला राजवाडकरही धरला,
त्याच्या पहिल्या नोकरीचं शिफारसपत्र
त्यांनीच लिहिलं होतं.
एकदा मोजले, पुन्हा उलटीकडून मोजले.

एकतीस, मॅडम.
चुकीला जागा : एक,
कारण स्वतःला धरावं की नाही
ते अजून ठरत नाहीये.