पाच इन्स्टंट

सीबीएसजवळ, कोर्टाच्या कुंपणाला टेकून
पत्र्याखाली सात टाइपरायटर होते.
चौथा माझा. त्याचा ई अर्धा झिजलेला.
गायधनी सर पळशाहून पहिल्या एसटीने यायचे
आणि मजकूर सांगताना डोळे मिटायचे:
युवर लेटर ऑफ द फिफ्थ इन्स्टंट…

माझी बोटं थांबली. पाच काय?
पाच इन्स्टंट, सर म्हणाले. चालू महिन्याची पाच.
गेल्या महिन्याची असती तर अल्टिमो,
पुढच्या महिन्याची तर प्रॉक्सिमो.
साहेब गेला, त्याचे महिने इथेच विसरला,
असं म्हणून त्यांनी पानाला चुना लावला.

मला तो शब्द आवडला.
महिन्याला नाव नको, साल नको,
आपण ज्यात उभे आहोत तो.
आई दूधवाल्यासमोर कॅलेंडर धरून
"एवढा महिना जाऊ दे" म्हणायची,
तोही इन्स्टंटच असणार.

पुढे त्याच रांगेत माझं दुकान झालं.
झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म.
काचेवर मीच चिकटवलंय: इन्स्टंट पासपोर्ट फोटो.
शेजारच्याकडे इन्स्टंट लोन,
पलीकडे इन्स्टंट ढोकळ्याचं पीठ.
पूर्वी हा शब्द महिनाभर पाय पसरून बसायचा,
आता दोन मिनिटांत उठतो,
टेकला न टेकला तोच.

परवा पिंगळे वकिलांचा ज्युनियर आला,
भाऊबंदकीच्या दाव्यातली जुनी नोटीस स्कॅन करायला.
कागद घडीवर फाटत आलेला.
एका जागी बोट ठेवून म्हणाला,
ताई, हे आय-एन-एस-टी काय?
तेव्हाही इन्स्टा होतं?
मी हसले. सांगितलं सगळं, अल्टिमोसकट.
भारी, म्हणाला, आणि फोटो काढून
तिथेच टाकला.
चहा येईपर्यंत छप्पन्न लाइक.

पुढचं त्याला सांगितलं नाही.

दुकान उघडायचं ठरलं तेव्हा
चौदा जानेवारीला मी सरांना पत्र लिहिलं होतं,
उद्घाटनाला तुम्हीच या.
उत्तर आलं. सगळं मराठीत, शब्द तेवढा इंग्रजी:
"तुझे १४ इन्स्टंटचे पत्र पोचले.
दम्याने बसवत नाही. थंडी सरली की येतो.
ई बदलून घे."

पळसे ते सीबीएस, पंधरा-सोळा किलोमीटर.
पाकीट नाशिकरोडच्या प्रेससमोरूनच आलं असणार,
त्यावरचं तिकीट जिथे छापलं गेलं तिथून.
तरी पोस्टाने पाच दिवस घेतले.
मी फोडलं तेव्हा तीन फेब्रुवारी होती.
सर एकतीसलाच गेले होते.
मळ्यांतून द्राक्षांची खोकी भरली जात होती,
पळशाच्या रस्त्यावर ट्रकच ट्रक,
मी दहाव्याला तशीच उभ्याने गेले.

परत आल्यावर पत्र पुन्हा वाचलं
आणि तारखेपाशी अडखळले.
चौदा इन्स्टंट.
चालू महिना तर फेब्रुवारी.
चौदा अजून यायचीच होती.
सरांच्या हिशेबाने त्यांना पोचलेलं पत्र
मी अजून लिहिलंच नव्हतं.

वेडेपणा आहे, कळतं मला.
व्याकरण असं माणसाला थांबवून धरत नाही.
पण चौदाला संध्याकाळी शटर अर्धं ओढून
जुन्या मशीनवर कागद चढवला.
डिअर सर, एवढंच उठलं.
त्यातला ई नेहमीसारखा अर्धा.
बाहेर कुणीतरी शटर वाजवत होतं,
ताई, फोटो मिळेल का,
लगेच हवाय.