रात्री पट्टी सैल सोडायची

चॉप सॉ जळाला मंगळवारी,
टेम्पोच्या कॅरिअरचा तिसरा पाइप कापताना.
आधी कांदा करपल्याचा वास,
मग आवाज बसत गेला, लग्नात ओरडून बसतो तसा.
वाइंडिंगवाला म्हणाला, दोनदा भरलाय, आता पुरे.
आता पुरे म्हणजे नवीन घ्या.
किती सहज म्हणतात लोक.

धायरीत माझा गाळा, दहा बाय अठरा.
त्यात एक खड्डा, एक वेल्डिंग मशीन,
एक कायनेटिक, जिचा मालक दोन वर्षं फिरकला नाही,
आणि वरच्या मजल्यावर रात्रपाळीची नर्स,
जी दिवसा झोपते,
म्हणजे झोपायला जाते.

बोहरी आळीत मुफद्दलशेठ म्हणाले, काय कापणार?
म्हटलं, पाइप.
पाइप सगळेच कापतात. जाडी किती?
दिवसाला तुकडे किती? फेज कोणता?
मी खाली बघून उत्तरं दिली,
डॉक्टरनं दारूचं विचारल्यावर देतात तशी,
थोडी कमी करून.

तर हा पुन्हा चॉप सॉच. स्वस्त आणि तापट.
कापत नाही, घासून घासून नमवतो.
कड निळी पडते, बर राहते,
ती काढण्यात कापण्याच्या दुप्पट वेळ.
माझ्या सगळ्या शर्टांना पोटाजवळ जी भोकं आहेत
ती याचीच. डाव्या कानात
रात्री जो रातकिडा बसतो, तोही.

तो कोपऱ्यातला कोल्ड सॉ.
दुधी पाणी अंगावर घेत सावकाश फिरतो,
कापलेल्या तोंडात आपलं तोंड दिसतं म्हणे.
किंमत शेठ बोलले नाहीत,
कॅल्क्युलेटर फिरवून माझ्याकडे केला.
शिवाय तीन फेज.
मी त्याच्यावरून हात फिरवला आणि
शेजारचे नटबोल्ट बघू लागलो.

निकिता पासलकर, आयटीआय, दुसरं वर्ष,
माझ्याकडे संध्याकाळी येते. ती म्हणाली, बँडसॉ बघा ना.
पातळ पाइपला बारीक दात लावायचे,
दोन-तीन दात तरी कायम लोखंडात हवेत,
एकट्या दातावर भार आला की तो तुटतो.
ती पट्टीबद्दल बोलत होती.
मी उगाच
घरी जाईपर्यंत गप्प राहिलो.

लांडेवाडीत एक वर्कशॉप मिटत होतं.
दस्तगीरभाईंनी मशीनवरचं गोणपाट काढलं,
आत एक जुना बँडसॉ, सिंगल फेज, हिरवा रंग उडालेला.
चालू करून दाखवला. एक चौकोनी नळी अडकवली,
आणि खरंच हात मागे बांधून उभे राहिले.
आरी आपल्या वजनानं उतरत गेली,
तुकडा पडला,
आरीनं स्वतःच स्वतःला बंद केलं.
घासाघीस करायची ठरवून गेलो होतो.
पाचशे कमी केले, तेही त्यांनीच.
टेम्पोत चढवताना एवढंच म्हणाले,
रात्री पट्टी सैल सोडायची,
ताणलेली ठेवली तर तडकते.
मग परत आत गेले, गोणपाटाची घडी घालायला.

आता एक पाइप कापायला चार मिनिटं लागतात.
तेवढ्यात मी दुसऱ्याचं माप घेतो,
चहा होतो. गाडीवाले घड्याळ बघतात.
मागच्या शनिवारी कॅरिअरचे कोपरे
जोडले, तर फटीत पोस्टकार्ड जाईना.
तिसऱ्या दिवशी नर्स खाली आली,
विचारायला, गॅरेज विकलं का?

सगळं बरं चाललं होतं.
पण शाळा सुटल्यावर तो रोज थांबणारा पोरगा,
दप्तर पायावर ठेवून, पाच मिनिटं,
दहा मिनिटं, मशीनकडे बघत राहिला.
मग म्हणाला, काका, ठिणग्या संपल्या?

मी खाली वाकून ग्राइंडर काढला.
भंगारातली एक पट्टी धरली.
त्याला म्हटलं, लांब हो, अजून लांब.
अर्धा मिनिट, जास्त नाही.

वर खिडकी आपटली.