पावडर लावायची नाही

गुरुवारी पहाटे पाचला मी चर्चची व्हॅन काढते.
सत्तावीस वर्षं शाळेची बस चालवली;
त्यातल्याच काही पोरी आता मागे बसतात,
पर्स मांडीवर, गुडघ्यांना बाम चोळलेला.
निघताना एकच विचारते:
काखेत काही लावलं नाही ना?
पावडर नको, अत्तर नको.
फोटोत पांढरे ठिपके उठतात, उगाच जिवाला घोर.

क्लोटील रात्रपाळीवरून थेट आलेली.
मासे सोलायच्या कारखान्यात अकरा वर्षं.
खिडकीला चिकटून बसते, हात अंगाशी घट्ट.
"लुव्हिनिया, मला वास येतोय गं."
येतोय. आम्हा सगळ्यांनाच येतोय.
बासष्ट मैल आम्ही आपापल्या वासात जातो.

पूर्वी एवढं लांब नव्हतं.
गावातलं हॉस्पिटल बंद झालं
तेव्हा पाटी काढायची राहिली.
बाण अजून डावीकडे दाखवतो
आणि डावीकडे नुसती कपाशी.

फॉर्मवर विचारलेलं असतं: घरात कुणाला होता?
पुढे बोटाएवढी रेघ.
क्लोटील पेन चावत बसते.
आजी "रक्त बिघडून" गेली.
आईची बहीण "वाळत वाळत" गेली.
नाव घेतलं की दारात हजर होईल
म्हणून नाव कुणी घेतलंच नाही,
आणि तो तर घरातच बसलेला,
जेवणाच्या टेबलाशी, खुर्ची ओढून.
आई म्हणायची, दुखत नाही ना? मग कशाला.
ते सुरुवातीला दुखत नाही, हे तिला
कोण सांगणार होतं, आणि कुठे?

क्वानिशा चौतीस वर्षांची.
काचेपलीकडची बाई म्हणाली, चाळिशीला या.
क्वानिशा म्हणाली, माझी मावशी अडतीसाव्या वर्षी गेली.
बाईने पडद्याकडे पाहिलं. मावशीला तिथे रकाना नव्हता.
पोर मुकाट्याने वळली,
तिसरीत असताना डबा विसरली की वळायची तशी.

मग मी काउंटरपाशी जाऊन उभी राहिले.
आवाज चढवला नाही.
म्हटलं, मी ड्रायव्हर आहे,
एक पोर मागे राहिली तरी गाडी हलवत नाही.
डब्यात शिळं चिकन होतं, वेळ भरपूर होता.
सव्वाचारला कुणा डॉक्टरने सही केली.
बाकीच्या तोवर पार्किंगमध्ये माझ्या नावाने
खडे फोडत होत्या.

परतताना मी डॅशबोर्डातला पावडरचा डबा मागे देते.
हा आमचा रिवाज.
व्हॅनभर पांढरा धुरळा, खोकला, हसू,
कुणाच्या तरी काळ्या ब्लाउजचा सत्यानाश;
क्वानिशा सांगतेय, त्या यंत्राचे हात बर्फासारखे,
आणि विलामे: माझ्या नवऱ्याचेही.

डबा क्लोटीलकडे आला.
तिने झाकण लावलं, माझ्याकडे परत केला.
"राहू दे," म्हणाली,
"पुन्हा बोलावलं तर?"