रेडेकर, मात्रा धरून

रात्री दोननंतर ट्रक येत नाहीत.
सोहार बंदराच्या चौथ्या गेटवर
मी आणि वजनकाटा जागे,
आणि तो, खुर्ची असून उभा.
जून. काचेला बाहेरून घाम.
थर्मासातला चहा ओतत म्हणतो,
"घे लिहायला. अकरावा अर्ज."

मी काट्यावरचा कारकून.
भरलेला वजा रिकामा, एवढंच माझं काम.
पण इंग्रजी बरं आहे, प्रिंटर कंपनीचा,
म्हणून तीन वर्षं लिहितोय:
सविनय सादर, की मी, माजी हवालदार भिकाजी रेडेकर,
मुक्काम वाटंगी, तालुका आजरा,
माझ्या 'ड'वर मात्रा आहे, साहेब.
इंग्रजीत ती एक 'ई' होते.
तुमच्या कागदात ती नाही.

पलटणीत एक रेडकरही होता, मालवणचा, लंगरमध्ये.
त्या आठवड्यात बहिणीच्या लग्नाला गेलेला.
कुणा कारकुनानं, माझ्यासारख्याच, डोळ्यांवर झोप असलेल्या,
त्याची रजा ह्याला लावली
आणि ह्याची शिफारस त्याला.
शिफारस वरून परत आली, बरोबरच आहे,
रेडकर त्या रात्री पंगतीत वाढत होता.

"नोंदींनुसार आपण त्या तारखेला रजेवर होता."
हे वाक्य त्याला पाठ आहे.
मांडीतला छर्रा अंगठ्यानं चाचपत
म्हणून दाखवतो, आवाज न चढवता,
परवचा म्हणावा तसं.

मग म्हणाले, साक्षीदार आणा.
साक्षीदार निघाला सलालात.
कुंजुमोन, तेव्हाचा सिग्नलवाला,
आता शहाळी विकतो रस्त्याकडेला.
हजार किलोमीटर बसनं आला, एका पायानिशी.
दुसरा त्या डोंगरावर राहिला
ज्याला नाव नव्हतं, नुसता आकडा.
मला वाटलं होतं मिठी मारतील.
"जाड झालास," रेडेकर म्हणाला, हिंदीत.

मी जबाब घ्यायला बसलो. किती वेळ पाठीवर होतात?
कुंजुमोन हसला. "मला काय विचारता?
मी तर बसून होतो."
मग जरा वेळानं:
"हा वाटभर शिव्या देत होता. मराठीत.
मला मराठी येतं ते तेवढंच."
आणि एक दिली, अस्सल, आजऱ्याच्या हेलासकट.
रेडेकर बुटांकडे बघत म्हणाला,
"हे नको लिहू."

सह्या झाल्या. चहा संपला.
"चढ," रेडेकर म्हणाला, आणि काट्यावर जाऊन वाकला,
अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, गुडघे कटकन वाजले.
आमचा काटा साठ टनांचा.
वीस किलोच्या आतलं त्याला काही कळत नाही.
आकडा हलत राहिला, एकशेवीस, एकशेचाळीस,
पुन्हा एकशेवीस,
मग थांबला.

वाहन क्रमांक? मशीन विचारतं.
त्यानं ओझं न उतरवता
आपला सैनिक क्रमांक सांगितला
एकेक आकडा, हजेरी दिल्यासारखा.
मालाचं वर्णन? तो काही बोलला नाही.
मी रकाना रिकामा सोडला.
चालकाचं नाव मी दोनदा तपासलं.

ती पावती सहपत्र सात म्हणून लावली.
मीच म्हणालो लावू या. कशासाठी, ते आता सांगता येत नाही.

चार महिन्यांनी उत्तर.
सहपत्र क्रमांक सातचा प्रकरणाशी संबंध दिसत नाही,
सबब परत.
उर्वरित बाबींवर यथावकाश.

मी वाचून दाखवत होतो. तो ऐकत नव्हता.
लिफाफा दिव्याखाली धरून
पत्त्याची पहिली ओळ बघत होता.
बोटानं दाखवलं.
'ई' होती. जागच्या जागी, टंकात जरा वर चढलेली.

बाहेर एका ट्रकनं हॉर्न दिला, अवेळी, बहुतेक वाट चुकलेला.
त्यानं लिफाफा टोपीत ठेवला, टोपी घातली
आणि दांडा उचलायला गेला.
दारातून वळून म्हणाला,
"बारावा छोटा लिही.
ह्यांना वाचायला येतंय आता."