माया, पाव इंच

तबस्सुमनं कागद दिला तेव्हा वाटलं
हा तर पोरांचा भूमितीचा पेपर.
रेघा, त्रिकोण, दर त्रिकोणात एक आकडा.
"आकड्यानं जायचं, काकू. एक, मग दोन. मधे उडी नाही."
राजारामपुरीत, अकराव्या गल्लीत,
झेरॉक्सच्या दुकानावर तिची खोली.
चार मशिनी, एक पंखा,
तोही बंद, तुकडे उडतात म्हणून.

शिवता येतं मला.
सव्वीस वर्षं गल्लीभर ब्लाउज शिवलेत,
कापड डोळ्यांपुढं, सुई डोळ्यांपुढं,
चुकलं तर चुकताना दिसायचं.
इथं कापड कागदाच्या पाठीमागं
आणि टाका पुढून, छापील रेघेवर.
पहिला तुकडा सुलटा, त्यावर दुसरा पालथा,
शिवायचं, उलगडायचं, नखानं दाबायचं,
मग कळणार
खाली काय झालं ते.

खाली झालं असं
की तिसरा तुकडा उलगडला आणि कोपरा उघडाच राहिला,
करंगळीच्या नखाएवढा.
उसवायला घेतला. पण टाका बारीक,
शेवटी कागद सहज फाटावा म्हणून बारीक,
तो तेव्हाच फाटला.
मी चिकटपट्टी लावली.
इस्त्री फिरवली.
चिकटपट्टी इस्त्रीला, इस्त्री कापडाला,
आणि खोलीभर जळकट वास.
तबस्सुम हसली नाही.
हसली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या आठवड्यात घरी, रात्री साडेदहाला,
बदकांची एक रांग पुरी झाली.
जुन्या खणाचे काठ, एक शाळेचा निळा गणवेश,
विजेच्या बिलावर कागद दुमडून दुमडून
कातरलेल्या कडा, सगळ्या सारख्या.
पालथी घातली आणि बघतच राहिले.
कागदावर डावीकडं वळणारी बदकं
माझ्याकडं सगळी उजवीकडं निघालेली,
रंकाळा सोडून भलतीकडंच.

हे पाणी प्यायला उठले होते.
उद्यमनगरात फौंड्रीला सागवानाचे पॅटर्न केले यांनी,
पंपांचे, व्हॉल्व्हचे, पस्तीस वर्षं,
आणि माझ्या मशिनीकडं बघितलं ते
फक्त तेल घालायचं म्हटल्यावर.
"हे काय करालीस?"
सांगितलं.
कागद घेतला, ट्यूबलाइटसमोर धरला,
चष्मा कपाळावर.
"हे तर आमचंच हाय की.
साच्यात डोकावलं की डावं ते उजवं.
आधी उलटं काढायचं, म्हंजे माल सुलटा येतोय."
आणि मग, रेघेबाहेरची कड अंगठ्यानं चाचपत,
"माया किती सोडलीस?"
"पाव इंच."
"आमी फुटाला एक सूत.
लोखंड निवलं की आक्रसतंय."

कपाटातून पट्टी काढली, पितळेची, कडा झिजलेली.
या पट्टीचा फूट म्हणे फुटापेक्षा मोठा,
मुद्दाम मोठा,
निवल्यावर बरोबर यावा म्हणून.
एकतीस वर्षं माझ्या साड्यांखाली होती ती पट्टी
आणि मला वाटायचं
या माणसाचं माप आपल्याशी जुळत नाही.
बोलले नाही. चहा ठेवला,
एवढ्या रात्री.

कागद काढायचं काम यांनीच घेतलं.
रेघेवर दुमड, मोड, ओढ,
टर्रकन एक, टर्रकन दोन,
"आमी बी साचा फोडतो," एवढंच मधे.
आकडे गादीवर पडत गेले,
उलट्या क्रमानं,
चहाच्या बशीत चार नंबर तरंगला.
सात मात्र शिलाईच्या कोपऱ्यात अडकला,
निघेना.
हे चिमटा शोधायला उठले.
मी म्हटलं, राहू दे तो.
वाकळीच्या पोटात जाईल, कुणाला दिसतोय.
तरी चिमटा आणलाच.
तरी सात निघाला नाहीच.

सोमवारी तबस्सुमला दाखवीन.
बदकं चुकीच्या दिशेला आहेत म्हणेल.
आहेत.
आणखी तीन रांगा तशाच करणार आहे.