बेरेटच्या अस्तरात

पाचला पीटी, साडेसातला ड्रिल,
नऊ ते दोन वर्ग. त्यात ढोपटे सरांचं थर्मोडायनॅमिक्स,
जे सर फळ्याकडे तोंड करून
फळ्यालाच शिकवतात.
चारला परेड मैदानावरची खडी वेचणं.
खडी का वेचायची, हे अभ्यासक्रमात नाही.

उरतो रात्रीचा दीड तास.
त्यात बूट, बक्कल, जर्नल, आईला फोन
आणि डोळे.
डोळ्यांचं काहीच करता येत नाही.

एप्रिलात कामठी रोडवरच्या या बराकीत
कूलर वाळ्याचा वास सोडतो आणि पाणी मागतो.
पाणी भरायची पाळी माझी.
नळाखाली बादली भरेपर्यंत एक सूत्र पाठ होतं,
नळ बारीक असेल तर दोन.
असं सेमिस्टर मी बादलीबादलीनं भरत आणलं.
तरी तळ दिसायचाच.

मग चिठ्ठी केली. आठ घड्या,
बेरेटच्या अस्तरात.
रात्रीच्या पहाऱ्यावर, लांब कोराडीच्या चिमण्यांचे
लाल दिवे उघडमीट करत असताना
टोपी काढायची, एक ओळ वाचायची,
टोपी घालायची.

उस्ताद नंदनवारांनी तिसऱ्याच रात्री धरलं.
"काय आहे बे टोपीत?"
"एन्ट्रॉपी, उस्ताद."
"कोन?"
"अव्यवस्था मोजतात त्यानं. ती वाढतच जाते."
त्यांनी टॉर्च माझ्या बुटांवर मारला,
मग सुटलेल्या नाडीवर.
"हे मोजाले कागद काऊन लागते?"

मैदानाला सात चकरा.
दर चकरेला एक सूत्र, मोठ्यानं.
चौथीला दम आणि डेल्टा एकदमच गेले.
सातवीला मी काय ओरडलो
ते टिटवीलाच माहीत.
पण ती सहा सूत्रं अजून
डाव्या पायापासून सुरू होतात.

शनिवारी स्टोअरमध्ये बोलावणं आलं.
वाटलं, रायफली पुसायच्या.
टेबलावर मुक्त विद्यापीठाचं पुस्तक,
जुन्या कॅलेंडरचं कव्हर,
कव्हरवर फेब्रुवारी उलटा,
आणि त्याखाली ठसठशीत:
गोपीचंद लक्ष्मण नंदनवार.
वहीत टक्केवारीचं एकच गणित,
खोडून खोडून कागद पारदर्शक झालेला.

"पेन्शन येते रे," ते म्हणाले,
"हे नाही येत."
माझ्यासमोर स्टुलावर बसले,
पाठ ताठ, मुठी मांडीवर,
सावधानमध्येच.
"समजाव. हळू. बारा घंटे झाले ड्युटीवर."

मी शंभर रेघा ओढल्या.
वीस खोडल्या.
उरलेल्या त्यांनी बोटानं मोजल्या,
एकही न गाळता,
मोजताना ओठ हलत होते.
बाहेर कोणीतरी लास्ट पोस्ट चुकीचं वाजवत होतं
आणि ते उठले नाहीत.

सोमवारी पाचला मैदान हादरलं:
"उके! गुडघा वर! झोपला का बे?"
घामानं चिठ्ठीची शाई
माझ्या कपाळावर उतरली होती.
उस्ताद समोर आले. बघत राहिले.
सगळ्या प्लाटूनचा श्वास अडकला.

त्यांनी आपली टोपी
जरा घट्ट केली
आणि पुढे गेले.